वहीत नसलेलं नाक

‘तुमच्या नाकाचं काय झालं?’

प्रश्न तोंडातून सुटला आणि सभागृह एकदम गप्प झालं. इतकं गप्प, की वरच्या पंख्याचं एक पातं कुठंतरी घासतंय हेसुद्धा ऐकू यायला लागलं. आपण उभ्या आहोत, आपल्या हातात माइक आहे आणि तो आपला श्वास सगळ्या शाळेला ऐकवतोय, हे तिला जरा उशिराच कळलं. मागच्या ओळीत तिच्या मैत्रिणी, काकडी आणि वाटाणा, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून बसल्या असणार. पैज साधी होती. हा प्रश्न विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर काकडी उचलणार, आणि नाही विचारलास तर तू अजून गेल्या वर्षीचीच. गेल्या वर्षीची म्हणजे, हजेरीला ‘हजर’ म्हटलं तरी जिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचायचा नाही ती. यंदा वादविवाद स्पर्धेत ऐनवेळी कुणीतरी आजारी पडलं, बदली म्हणून हिला ढकललं, आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं काहीतरी बाटलीच्या बुचासारखं फटकन उडालं. बक्षीस मिळालं ते मिळालंच, वर भोंगा हे नावही मिळालं. ते नाव ती छातीवर पदक लावावं तसं मिरवायची. आता मात्र, या क्षणी, भोंग्याचे कान तापले होते. कारण व्यासपीठावरची बाई चिडली नव्हती. ती हसत होती.

तिच्या नाकाच्या उजव्या बाजूला, नाकपुडीच्या जरा वर, नखाएवढा एक तुकडा बाकीच्या नाकाशी फटकून वागत होता. रंग जरा फिका, कातडी जरा जाड, कडेनं शिवणीची बारीक रेघ. ‘शाबास,’ बाई म्हणाली. ‘अकरा वर्षं मी शाळाशाळांतून फिरते. सगळे माझ्या नाकाकडं बघतात आणि प्रश्न विचारतात पडद्यावरच्या चित्राबद्दल. बसू नकोस, उभी राहा. हे ठिगळ माझ्याच कानामागचं आहे. इथं एक पुटकुळी होती. खपली धरायची, खपली पडायची, वाटायचं गेली, की परत हजर. टॉवेलला रक्ताचा ठिपका. आठ महिने मी सगळ्यांना सांगत होते, चष्मा घासतो. आणि मी कोण, तर देशातल्या कॅन्सरची नोंद जिथं ठेवतात त्या कचेरीत टेबलाशी बसणारी.’ कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईही हसली. पण भोंगा हसली नाही. घासतो. या एका शब्दापाशी ती अडकली. कुठं ऐकलं होतं हे, अगदी याच सुरात, याच बेफिकिरीनं?

पुढं बाईनं जे केलं ते नंतर कितीतरी दिवस शाळेत गाजलं. तिनं भोंग्याच्या मागची सगळी ओळ उभी केली. बारा जणी. मग म्हणाली, ‘आता या कडेपासून दोघी बसा, एक उभी. दोघी बसा, एक उभी.’ खुर्च्या करकरल्या. आठ बसल्या, चार उरल्या. ‘आपलं हे दक्षिण गोलार्धातलं ऊन आणि आपली गोरी कातडी, या दोघांचं आपल्या देशात फारसं पटत नाही. सत्तरी गाठेपर्यंत आपल्यातल्या तिघांतल्या दोघांना कातडीचा कॅन्सर एकदा तरी होतो, असा आमचा अंदाज आहे. बसल्यात त्या सगळ्या, असं समजा.’ उरलेल्या चौघींमध्ये वाटाणा होती. वर्गात कशातच पहिली न येणारी वाटाणा दोन्ही हात वर करून जिंकल्यासारखी नाचली आणि सभागृह फुटलं. बाई थांबली, हशा विरू दिला आणि म्हणाली, ‘घाबरू नका. बहुतेकांचा साधा असतो. लवकर दाखवला तर डॉक्टर अर्ध्या तासात काढून टाकतात, आणि माणूस दुपारी घरी जेवायला. काळ्या तिळातून येतो तो वेगळा, तो पळत सुटतो, त्याला वेळेत गाठावं लागतं. तो आम्ही एकेक मोजतो. साधे मोजत नाही.’

‘का?’ हे भोंग्यानं विचारलं. पैज संपली होती, माइक अजून हातात होता.

‘फार आहेत म्हणून. इतके आहेत की मोजायला माणसं पुरायची नाहीत. त्यामुळं ते कळवलेच पाहिजेत असा नियमच नाही. आमचा आहे तो अंदाज.’

‘मग तुमचं नाक?’

‘माझं नाक,’ बाई म्हणाली, ‘माझ्याच वहीत नाही.’

शाळा सुटल्यावर काकडीनं ठरल्याप्रमाणं दप्तर उचललं आणि दहा पावलांत कुरकुर सुरू केली. ‘दगड भरलेत का गं यात? आणि दुसरा प्रश्न कुणी विचारायला सांगितला होता? पैज एकाची होती.’ ‘ती आता हिला सोडत नाही,’ वाटाणा म्हणाली, ‘नोंदवाल्या बाईची असिस्टंट होणार ही. घरोघरी जाऊन नाकं मोजणार.’ एरवी अशा वेळी भोंग्यानं दोघींना पुरून उरणारं काहीतरी फेकलं असतं. आज तिचं लक्ष नव्हतं. रस्त्यावर माणसं होती, आणि माणसांवर कातडी होती. इतकी वर्षं तिनं माणसं पाहिली होती. कपडे, चपला, चालण्याच्या तऱ्हा, सगळं पाहिलं होतं. कातडी म्हणून कातडी कधी पाहिलीच नव्हती. बसथांब्यावर सहा जण उभे होते. म्हणजे चार. कुठले चार? फळवाल्याच्या मनगटावर खवल्यासारखं काहीतरी होतं. पोराला कडेवर घेतलेल्या बाईच्या गळ्याखालची कातडी सुरकुतलेल्या कागदासारखी होती, आणि पोर नवंकोरं होतं, अजून काहीच न लिहिलेलं. ऊन सगळ्यांवर सारखं पडत होतं, अगदी निष्पाप असल्यासारखं. लहानपणी चित्रकलेच्या वहीत ती सूर्याला नेहमी हसरं तोंड काढायची, ते तिला आठवलं आणि कसंतरीच वाटलं. जे फार असतं ते मोजत नाहीत. मग जे फार असतं ते दिसतही नाही का? आणि जे दिसतं, पण मोजायचं नाही, बोलायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, त्याला काय म्हणायचं?

कोपऱ्यावर दोघी वळल्या. काकडीनं दप्तर तिच्या पायाशी आपटलं, ‘उद्यापासून पुस्तकं कमी आण, भवाने,’ म्हणाली आणि गेली. ती एकटी उरली आणि मग ते वर आलं, ज्याला ती सभागृहापासून हातानं खाली दाबत होती. उशीचा अभ्रा. रविवारी कपडे वेगळे करायचं काम तिचं. पांढरे एकीकडे, रंगीत एकीकडे, बाबाचे कामाचे कपडे बादलीत, कारण त्यांच्यावर रस्त्याचा रंग असतो. बाबा रस्त्यांवर पट्टे मारतो. शहरातल्या अर्ध्याअधिक रस्त्यांवरचे पांढरे पट्टे, बाण, झेब्रे, शाळेपुढचं ‘सावकाश’, सगळं त्याच्या टोळीचं. ‘माझा बाबा पट्टेवाला आहे,’ असं पहिलीत असताना तिनं वर्गात सांगितलं होतं, तेव्हा बाईंना वाटलं होतं की तो कुठल्यातरी साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसतो. बाबानं हा किस्सा दहा वर्षं पुरवून पुरवून सांगितला होता. तर तो अभ्रा. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या उशीच्या अभ्र्यावर, डाव्या बाजूला, तपकिरी रंगाचे तीन ठिपके होते, एकाखाली एक. तिनं अभ्रा घेऊन त्याला विचारलं होतं, ‘बाबा, हे काय?’ तो बूट घालत होता. मान वर न करता म्हणाला होता, ‘हेल्मेटचा पट्टा कानाच्या कडेला घासतो गं.’ आणि तिनं ते ऐकलं होतं, अभ्रा बादलीत टाकला होता आणि वर साबण जरा जास्तच टाकला होता. पुढच्या रविवारी ठिपके दोन होते. त्याच्या पुढच्या रविवारी चार. तिनं परत विचारलं नाही. वादविवादात समोरच्या शाळेला लोळवणारी, मुख्याध्यापकांना भर सभेत ‘सर, आकडा चुकला’ म्हणणारी ती, दर रविवारी मुकाट्यानं साबण घालत होती.

वाटेत दवाखाना लागतो. काचेचं दार, दारावर वेळ लिहिलेली, बाहेर तीन पायऱ्या. ती दारासमोर उभी राहिली आणि आत जाण्याऐवजी तिथंच उभं राहून तिनं त्या दवाखान्याला फोन लावला. काचेतून तिला दिसत होतं, आतल्या मुलीनं फोन उचलला, बोटानं एक पान उलटलं. ‘बोला.’ ‘मला नंबर लावायचाय.’ ‘काय तक्रार?’ ‘कान.’ ‘ऐकू येत नाही का?’ ‘ऐकू येतं. कान, म्हणजे, वरची बाजू. कड.’ ‘पेशंट कोण?’ आणि भोंग्याचा आवाज गेला. अगदी गेल्या वर्षीसारखा, घशाच्या अलीकडंच. बाबा हा शब्द आणि पेशंट हा शब्द एका वाक्यात बसवायला जागाच सापडेना. आतली मुलगी दोनदा ‘हॅलो’ म्हणाली, मग तिनं फोन ठेवून सहज बाहेर बघितलं. त्या दोघींची नजर काचेतून एकमेकींवर पडली. भोंग्यानं घाईघाईनं वळून चालायला सुरुवात केली, काही चोरल्यासारखी.

घर सलूनच्या मागं. पुढं आईचं सलून, तीन खुर्च्या, तीन आरसे, मधे पडदा, आणि पडद्याआड ही तिघं. शनिवारी शाळा अर्धी, त्यामुळं शनिवारी दुपारी डोकी धुवायचं काम तिचं. काम धरल्यापासून सात महिन्यांत तिनं किती डोकी धुतली असतील? माणूस मान मागं टाकून डोळे मिटतो आणि त्याचं सगळं डोकं आपल्या ओंजळीत येतं, खरबुजासारखं जड आणि आश्चर्य वाटावं इतकं विश्वासानं. बोटांना सगळं कळतं. कुणाच्या लहानपणच्या खोका, कुणाची उशीवर चपटी झालेली मागची बाजू, कुणाचे केस वरून दाट आणि आत विरळ. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी आईनं तिला बजावलं होतं, ‘हे बघ. आरशात बघायचं काम गिऱ्हाइकाचं. डोक्यावर आपल्याला जे दिसेल ते आपल्या डोक्यात ठेवायचं. कोंडा, उवा, चट्टा, काही का असेना. तो माणूस इथं तासभर बरं वाटावं म्हणून येतो.’ आईला हे तिच्या मालकिणीनं शिकवलं होतं, मालकिणीला तिच्या आणखी कुणीतरी. त्यात खोटं काही नव्हतं. लोक आईच्या खुर्चीतून उठताना खरंच बरे दिसायचे.

आणि मग पायरीवर पाय ठेवताना तिला टपालवाला आठवला. तिला वाटलं होतं अभ्राच शेवटचा, त्याच्या खाली आता काही नाही. होतं. ती सहा-सात वर्षांची असेल. टपालवाला दर महिन्याला मधल्या खुर्चीत बसायचा, बाबाशी कॅरम खेळायचा तोच. खिशात तिच्यासाठी लिमलेटची गोळी असायची. ती त्याच्या मागं स्टुलावर उभी राहून फवाऱ्याची बाटली दाबायची. केस ओले करायचं काम तिचं, पगार एक गोळी. एकदा ओल्या केसांच्या फटीतून तिला त्याच्या टाळूवर काळं काहीतरी दिसलं. सूर्यफुलाच्या बीएवढं. ‘आई, काकांच्या डोक्यात बी पडलीय,’ ती म्हणाली होती. टपालवाला खो खो हसला होता, ‘मग पाणी घाल की, झाड येईल!’ आई हसली नव्हती. आईनं कंगव्यानं केस त्याच्यावरून अलगद फिरवले होते. पुढच्या महिन्यात तिनं पाणी घातलं, बी मोठी झालेली दिसली आणि तिला केवढा आनंद झाला होता! खरंच रुजली म्हणून. मग काही महिन्यांनी मधली खुर्ची रिकामी राहायला लागली. नंतर एके दिवशी बाबा काळा शर्ट घालून कुठंतरी गेला, आला आणि त्यानं कॅरमबोर्ड कपाटामागं उभा करून ठेवला. तो अजून तिथंच आहे. हे सगळं तिला माहीत होतं, तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या खणांत ठेवल्यासारखं. आज त्या नाकवाल्या बाईनं सगळे खण एकदम ओढले होते.

आत कात्रीचा आवाज येत होता. आज सलूनची सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या डोक्यांची पाळी. बाबा लवकर आला होता. मधल्या खुर्चीत गळ्यापर्यंत पांढरं कापड लपेटून बसला होता, आणि त्या कापडाच्या वर त्याचा उन्हानं भाजून काढलेला चेहरा कुणीतरी दुसऱ्याच चित्रातून कापून चिकटवल्यासारखा दिसत होता. मानेवर रंगाचे दोन पांढरे थेंब.

‘आला का भोंगा?’ तो आरशातूनच म्हणाला. ‘आज शाळेत कुणाची वाट लावलीस?’

‘अहो, मान सरळ,’ आई म्हणाली.

‘सरळच आहे. सरळ रेघा मारायचाच पगार घेतो मी.’

ती दप्तर न ठेवता तिसऱ्या खुर्चीच्या हातावर टेकली आणि बघत राहिली. आईचे हात बघायला तिला नेहमीच आवडायचं. उजवीकडचे केस आईनं कानामागं घेतले, दोन बोटांत धरले, चक्, चक्, कान पूर्ण मोकळा, नेहमीचा नीटस कट. मग ती डावीकडं वळली. आणि डावीकडं आईचे हात बदलले. कंगवा हलका झाला. केस कानावरून खाली ओढले गेले, कात्री नुसती टोकांना लागली, आणि कान झाकलेलाच राहिला. वर आईनं बोटानं ती झुलपं जरा दाबून बसवली, अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी. गेलं वर्षभर बाबाची ही अशी एकीकडं लांब, एकीकडं आखूड स्टाइल होती. टोळीतले लोक त्याला हीरो म्हणायचे. तोही मिरवायचा, ‘बायको केसवाली असल्यावर काय!’ भोंग्यानंसुद्धा किती चेष्टा केली होती. आणि आता आरशात तिला एकाच वेळी तीन चेहरे दिसत होते, आणि तिघांपैकी एकही त्या कानाकडं बघत नव्हता. बाबा कपाटाकडं बघत होता. आई कंगव्याकडं. ती स्वतः, दोघांकडं. म्हणजे आईला माहीत होतं. बाबाला माहीत होतं, आईला माहीत आहे हे. आणि दोघांनाही माहीत असणार की अभ्रे कोण धुतं. किती प्रेमानं, किती सफाईनं चाललं होतं सगळं! कुणीही कुणाशी खोटं बोललं नव्हतं. फक्त घासतो म्हणाले होते, साबण घातला होता, केस वाढवले होते. तिघांतले तिघं.

‘आज एक बाई आली होती शाळेत,’ ती म्हणाली. आपला आवाज फारच साधा निघाला याचं तिला नवल वाटलं. ‘तिच्या नाकाला ठिगळ होतं. मी विचारलं काय झालं म्हणून.’

‘असं तोंडावर?’ आई म्हणाली. ‘काय गं ही रीत!’

‘ती म्हणाली, आठ महिने ती सगळ्यांना सांगत होती, चष्मा घासतो.’

कात्री थांबली. बाबाच्या कापडाखाली गुडघा हलत होता तो थांबला. बाहेरून एक सायकल गेली आणि तिची घंटी उगाचच बराच वेळ ऐकू येत राहिली.

‘आई,’ ती म्हणाली, ‘टपालवाल्या काकांची बी तुला दिसली होती ना?’

आईनं कात्री ट्रेमध्ये ठेवली, उचलली, परत ठेवली. ‘चार वेळा,’ ती म्हणाली. ‘चार महिने, चार वेळा. दर वेळी मोठी. प्रत्येक वेळी ठरवायचे आज बोलते. मग ते काहीतरी विनोद करायचे, आणि वाटायचं, हसतोय माणूस, कशाला. आपण काय डॉक्टर आहोत. आपलं काम केसांचं.’ तिनं हातानं कपाळ पुसलं, त्याला बारीक केस चिकटले. ‘पाचव्या महिन्यात ते आलेच नाहीत.’

‘तुला माहीत होतं?’ बाबानं मान वळवली. हे त्यालाही नवं होतं.

‘मान—’ आई म्हणाली आणि उगाच कंगवा पुसायला लागली.

‘त्याच्याबरोबर मी गेलो होतो,’ बाबा आरशातल्या स्वतःला सांगावं तसं म्हणाला. ‘डॉक्टरनं बघितलं, आणि पाच महिन्यांत कारभार आटोपला. त्याच्या आधी त्याला काही म्हणजे काही होत नव्हतं. धडधाकट. बघितलं म्हणून झालं असं नाही, कळतं मला. पण मला तेच आठवतं. आणि हा काय, नुसता ओरखडा आहे. टोळीत प्रत्येकाला कुठं ना कुठं आहे. कुणाच्या हातावर, कुणाच्या ओठावर. त्यात काय मोठंसं? सगळ्यांनाच असतं.’ मग नेहमीचा हुकमी विनोद चेहऱ्यावर आणायचा त्यानं प्रयत्न केला. ‘आणि मी कानानं थोडाच पट्टे मारतो?’

आईनं हात पुढं केला, पण कानाला नाही, खांद्याला. ‘मी केस ठेवले ते ऊन लागू नये म्हणून,’ ती म्हणाली. ‘खरंच. मला वाटलं, झाकलं तर तेवढंच राहील.’

‘सगळ्यांनाच असतं,’ हे वाक्य खोलीत तरंगत राहिलं. तिला वाटलं, हेच तर. बाईच्या वहीचं हेच झालं, टोळीचं हेच, आपल्या घराचंही हेच. फार आहे म्हणून मोजत नाहीत, मोजत नाहीत म्हणून बोलत नाहीत, आणि मग प्रत्येक जण आपापल्या आरशासमोर एकटा बसून समजूत घालतो, की घासतंय काहीतरी. तिला एकदम बाबाची भीती दिसली. तिची आजवर समजूत होती की मोठ्या माणसांची भीती मोठी, काळीकुट्ट, दारातून न मावणारी असेल. ती तर एवढीशी होती, कानाच्या कडेएवढी, आणि तिला झाकायला त्या दोघांनी वर्षभर नुसते केस वाढवले होते. रडू येईल असं वाटलं. आलं नाही. उलट सभागृहात माइक हातात आल्यावर छातीत भरला होता तसला वारा भरायला लागला, फक्त या वेळी मागं काकडी नव्हती, पैज नव्हती, आणि दप्तर तिचं तिनंच खांद्यावरून उतरवून खाली ठेवलं.

‘साधा असेल तर अर्ध्या तासात काढतात आणि माणूस दुपारी घरी जेवायला,’ ती म्हणाली. ‘असं ती म्हणाली. साधा आहे की नाही हे मला नाही कळत, आईला नाही कळत, तुला तर नाहीच नाही. ज्याला कळतं त्याला दाखवायचं.’

‘बघू,’ बाबा म्हणाला. ‘या महिन्यात शाळांपुढचे पट्टे संपवायचेत.’

‘अगं, हळूहळू करू की,’ आई म्हणाली. ‘मी समजावते त्यांना.’

ती उठली. ट्रेमधली कात्री तिनं उचलली. आईची कात्री, जिला हात लावायची तिला सात महिन्यांत एकदाही परवानगी नव्हती. वाटलं होतं त्याहून थंड होती, हलकी होती. आई तिच्या हाताकडं बघत राहिली आणि ‘ठेव ती’ म्हणाली नाही. ती बाबाच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिनं आरशात दोघांच्याही डोळ्यांत बघितलं, आधी एकाच्या, मग दुसरीच्या.

‘ऐका,’ ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण रस्त्यापर्यंत गेला असता. ‘मी ठरवलंय. उद्या साडेआठला दवाखाना उघडतो. त्याच्या आधी आपण तिघं पायरीवर. माझा पहिला तास बुडेल, बुडू दे. पट्टे एक दिवस कुणी पळवून नेत नाही. पेशंट कोण म्हणून विचारतील, ते मी सांगणार. आणि आई, शनिवारपासून डोकी धुताना मला जे दिसेल ते मी बोलणार आहे. ज्याचं त्याला, हळूच, कानात, पण बोलणार. तुझं एक गिऱ्हाईक तुटो नाहीतर दहा. तुला नको असेल तर मला डोक्यांना हात लावू देऊ नकोस, नुसता केर काढायला ठेव. पण हात लावला तर बोलणार. आणि बाबा, हे कानावरचे केस आत्ता मी कापणार आहे. मान सरळ.’